स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेनंतरचा रक्तस्राव: तो रोखण्याची खरी संधी कुठे असते?

स्वादुपिंडाची मोठी शस्त्रक्रिया ठरली की नातेवाईक बहुधा एकच गोष्ट आधी विचारतात: ऑपरेशनच्या वेळी फार रक्त जाईल का? विचारणे स्वाभाविक आहे. परंतु या अवयवाच्या बाबतीत ज्या रक्तस्रावाची सर्वाधिक धास्ती घ्यावी, तो शस्त्रक्रियागृहात होत नाही. तो नंतर होतो. रुग्ण आयसीयूमधून वॉर्डात आलेला असतो, थोडे चालू लागलेला असतो, तोंडाने खाणे सुरू झालेले असते आणि घरी जाण्याची भाषा सुरू झालेली असते, अशा वेळी पोटातली एखादी धमनी फुटते आणि काही मिनिटांत सगळे चित्र पालटते. या शस्त्रक्रिया करण्यात आणि त्यानंतरच्या रुग्णांची काळजी घेण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्यातून माझे एक ठाम मत झाले आहे: हा रक्तस्राव रोखण्याचे काम जितके शस्त्रक्रियागृहात होते, तितकेच, किंबहुना थोडे अधिकच, वॉर्डात होते. त्या दुसऱ्या भागाकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही, म्हणून हा लेख.

आधी हा रक्तस्राव होतो कसा, ते पाहू. स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागात गाठ असेल तर व्हिपल शस्त्रक्रिया करतात. तिच्यात स्वादुपिंडाचे डोके, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय, पित्तनलिकेचा खालचा भाग आणि काही वेळा जठराचा थोडा भाग काढून टाकला जातो. हे करताना यकृताकडे जाणाऱ्या मुख्य धमनीपासून खाली उतरणारी गॅस्ट्रोड्युओडेनल धमनी बांधून कापावी लागते. तिचे छोटे टोक मुख्य धमनीला चिकटलेले तसेच राहते. उरलेले स्वादुपिंड आतड्याला जोडले जाते आणि हा जोड त्या टोकापासून अगदी जवळ असतो. हा जोड शरीरातल्या सर्वांत बेभरवशाच्या जोडांपैकी एक आहे. स्वादुपिंड मऊ असते, टाके त्यात नीट धरत नाहीत आणि त्यातून झिरपणारा रस अन्न पचवण्यासाठीच बनलेला असतो. स्वादुपिंडाच्या आत हा रस निष्क्रिय असतो, परंतु आतड्यातल्या द्रवाशी त्याचा संपर्क आला की ट्रिप्सिन हे प्रथिने पचवणारे विकर जागृत होते आणि त्यापाठोपाठ इलास्टेजसारखी इतर विकरेही. जोडातून गळती झाली तर हा जागृत रस धमनीच्या उघड्या पडलेल्या टोकाभोवती साचतो आणि तिच्या भिंतीतले लवचीक तंतू विरघळवू लागतो. त्यात जंतुसंसर्गाची भर पडली की भिंत आणखी कमकुवत होते, तिथे फुगा तयार होतो आणि एके दिवशी तो फुटतो. स्वादुपिंडाची शेपटी काढलेल्या रुग्णांत प्लीहेच्या धमनीच्या टोकाबाबत हेच घडू शकते.

स्वादुपिंडाच्या शल्यचिकित्सकांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने २००७ साली या रक्तस्रावाची व्याख्या ठरवली आणि त्यात २४ तासांची सीमारेषा आखली. पहिल्या २४ तासांत होणारा रक्तस्राव बहुधा एखादी बांधणी सैल झाल्याने, एखादे रक्तवाहिनीचे तोंड सुटून गेल्याने किंवा रक्त गोठण्याच्या क्रियेतच दोष असल्याने होतो. त्याचे उत्तर बहुतेक वेळा सरळ असते: गोठण्याचा दोष दुरुस्त करणे आणि गरज पडल्यास रुग्णाला परत शस्त्रक्रियागृहात नेणे. २४ तासांनंतर होणाऱ्या रक्तस्रावामागे मात्र प्रामुख्याने गळती आणि संसर्ग असतात. शंभरातल्या साधारण ३ ते १० रुग्णांना कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा रक्तस्राव होतो. आकडा लहान वाटतो, पण या शस्त्रक्रियेनंतर होणाऱ्या मृत्यूंमध्ये त्याचा वाटा त्या मानाने फार मोठा आहे.

प्रतिबंधाची सुरुवात शस्त्रक्रियेच्या कित्येक दिवस आधी होते. स्वादुपिंडाच्या डोक्यातली गाठ पित्तनलिका दाबते आणि रुग्णाला कावीळ होते. पित्त आतड्यात पोहोचत नसल्याने स्निग्ध पदार्थांत विरघळणारी जीवनसत्त्वे शोषली जात नाहीत, त्यांत के जीवनसत्त्वही आले. ते नसेल तर रक्त गोठवणारे अनेक घटक यकृतात नीट तयार होत नाहीत. ज्यांचे नाव या शस्त्रक्रियेला मिळाले त्या ॲलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा ती दोन टप्प्यांत होती. आधी पित्ताला वाट करून द्यायची, कावीळ उतरू द्यायची आणि मगच गाठ काढायची. कावीळ असलेल्या रुग्णाला होणारा अनावर रक्तस्राव हे त्यामागचे एक मोठे कारण होते. त्याच काळात हेन्रिक डॅम यांनी के जीवनसत्त्वाचा शोध लावला, एडवर्ड डॉइझी यांनी त्याची रासायनिक रचना उलगडली आणि १९४३ सालचे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून मिळाले. हे जीवनसत्त्व औषध म्हणून हाती आल्यावर एकाच टप्प्यात शस्त्रक्रिया करणे सुकर झाले. आज ते एक साधे, स्वस्त इंजेक्शन आहे, आणि साधे असल्यामुळेच ते कधीकधी राहून जाते. कावीळ असलेल्या प्रत्येक रुग्णाची गोठण्याची चाचणी वेळेवर व्हावी, दोष आढळल्यास काही दिवस आधी के जीवनसत्त्व सुरू व्हावे आणि त्यानंतर चाचणी पुन्हा करून पाहावी, हा माझा आग्रह असतो. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री जागे होऊन उपयोग नाही, कारण यकृताला नवे घटक तयार करायला वेळ लागतो.

मग कावीळ उतरवण्यासाठी प्रत्येकाच्या पित्तनलिकेत आधी स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी बारीक नळी, घालावा का? तसे वाटणे साहजिक आहे, पण ते योग्य नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या एका यादृच्छिक अभ्यासात मध्यम प्रमाणात कावीळ असलेल्या रुग्णांचे दोन गट केले होते. ज्यांना सरसकट आधी स्टेंट घातला त्यांच्यापैकी ७४ टक्के रुग्णांना गंभीर गुंतागुंत झाली. ज्यांच्यावर थेट शस्त्रक्रिया केली त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते. स्टेंटमुळे पित्तात जंतू शिरतात, आणि संसर्ग झालेले पित्त पुढे गळतीच्या जागी पोहोचले तर धमनीला असलेला धोका वाढतो. कावीळ फारच तीव्र असेल, पित्तनलिकेत संसर्ग होऊन ताप येत असेल किंवा आधी केमोथेरपी द्यायची असल्याने शस्त्रक्रिया लांबणार असेल, तर स्टेंट आवश्यकच ठरतो. इतरांच्या बाबतीत मात्र घाईने स्टेंट घालण्यापेक्षा शस्त्रक्रियेची तारीख लवकर मिळवणे अधिक हिताचे असते.

रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा विषय थोडक्यात सांगतो, कारण त्याचे निर्णय रुग्णागणिक बदलतात. साधारणपणे वॉरफरिन ५ दिवस आधी, क्लोपिडोग्रेल ५ ते ७ दिवस आधी आणि नवीन पिढीच्या गोळ्या २ ते ३ दिवस आधी थांबवतात. मूत्रपिंड कमकुवत असेल तर याहून लवकर. कमी मात्रेतली ॲस्पिरिन अनेकदा चालू ठेवता येते. हृदयात नुकताच स्टेंट बसवलेला असेल तर हृदयरोगतज्ज्ञाशी बोलल्याशिवाय एकही गोळी बंद करू नये. गाठ कर्करोगाची असेल तर आणखी एक पेच असतो. स्वादुपिंडाचा कर्करोग रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यता फार वाढवतो, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर हेपरिन या गुठळ्या रोखणाऱ्या इंजेक्शनची प्रतिबंधक मात्रा द्यावी लागते आणि ती अनेकदा चार आठवडे चालते. रक्तस्रावाच्या भीतीने ती सरसकट टाळली तर पायातली गुठळी फुप्फुसात जाऊन रुग्ण दगावू शकतो. मात्रा प्रतिबंधक आहे की उपचाराची, हे वजन आणि मूत्रपिंडाचे कार्य पाहून रोज तपासणे, एवढाच यावरचा शहाणपणाचा मार्ग मला दिसतो.

शस्त्रक्रियागृहात सर्वांत जास्त काळजी घ्यायची ती त्या धमनीच्या टोकाची. धमनी कापण्यापूर्वी ती काही क्षण दाबून धरून यकृताकडचा प्रवाह टिकतो की नाही हे बघितले जाते, कारण काही रुग्णांत वरची मुख्य वाहिनी अरुंद असते आणि यकृत याच वाटेने येणाऱ्या रक्तावर जगत असते. नंतर टोक अगदी भिंतीलगत न कापता थोडे लांब ठेवावे, ते दुहेरी बांधावे आणि त्यातला एक टाका धमनीतून ओवलेला असावा. लिंफच्या गाठी काढताना धमनी पूर्ण उघडी करण्याच्या ओघात तिचे बाह्य आवरण सोलले जाते किंवा उष्णतेवर चालणारे उपकरण तिला नकळत चाटून जाते. त्या वेळी काहीच दिसत नाही, इजा मात्र झालेली असते. कर्करोगासाठी आवश्यक तेवढे साफ करणे आणि धमनीचे आवरण राखणे यांतला तोल हातात मुरायला वेळ लागतो, आणि शिकणाऱ्या डॉक्टरांना तो मुद्दाम दाखवावा लागतो.

टोक बांधून झाल्यावर यकृताच्या पुढच्या भागाला धरून असलेला पडद्यासारखा बंध किंवा पोटातल्या चरबीच्या पदराचा एक तुकडा धमनीभोवती गुंडाळण्याची पद्धत आहे. गळती झालीच तर रस थेट धमनीला लागू नये, हा त्यामागचा विचार. यावरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. मी स्वतः हे आवरण घालतो, कारण त्याला पाचदहा मिनिटे लागतात आणि त्यापासून इजा होण्याची शक्यता फार कमी आहे. पण आवरण घातले म्हणून पुढच्या दहा दिवसांत एकही नोंद सैलपणे पाहिली जाऊ नये, असेही मी सोबतच्या डॉक्टरांना सांगतो. पोट बंद करण्यापूर्वी रक्तदाब नेहमीच्या पातळीवर आणून सगळ्या जागा पुन्हा एकदा निवांत पाहाव्यात. दाब कमी असताना कोरडी दिसणारी जागा दाब वाढला की वाहू लागते.

उशिरा होणाऱ्या रक्तस्रावाचे मूळ गळतीत असल्याने गळतीचा धोका आधी जोखणे हाही प्रतिबंधाचाच भाग आहे. मऊ स्वादुपिंड, अरुंद नलिका, गाठीचा प्रकार आणि शस्त्रक्रियेत गेलेले रक्त या चार गोष्टींवरून गुण देण्याची पद्धत २०१३ पासून प्रचलित आहे. ज्याचे स्वादुपिंड लोण्यासारखे मऊ आणि नलिका तीन मिलिमीटर किंवा त्याहून अरुंद, त्याच्याबद्दल वॉर्डातल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी माहीत असायला हवे. शस्त्रक्रियेच्या टिपणात ही माहिती असते, पण रात्रपाळीच्या सिस्टरपर्यंत ती पोहोचतेच असे नाही. पोटातला द्रव बाहेर काढण्यासाठी ठेवलेल्या नळीतल्या, म्हणजे ड्रेनमधल्या, द्रवाचे अमायलेज (स्वादुपिंडाच्या रसातले एक विकर) पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी तपासावे. तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर ते रक्तातल्या सामान्य कमाल पातळीच्या तिपटीहून अधिक असेल तर रस झिरपतो आहे असे समजतात. रुग्णाच्या प्रकृतीवर त्याचा परिणाम दिसू लागला की तो खरा फिस्च्युला, म्हणजे उपचार लागणारी गळती. उलट, पहिल्या दिवशीचे अमायलेज लिटरमागे ५००० युनिटपेक्षा कमी असलेल्या कमी धोक्याच्या रुग्णांत ड्रेन तिसऱ्या दिवशी काढणे, तो जास्त दिवस ठेवण्यापेक्षा सुरक्षित असल्याचे २०१० मधल्या एका इटालियन अभ्यासात दिसले. विनाकारण राहिलेला ड्रेन बाहेरचे जंतू आत नेतो.

आता वॉर्ड. मोठ्या रक्तस्रावाच्या काही तास किंवा काही दिवस आधी अनेक रुग्णांत एक छोटा रक्तस्राव होतो. ड्रेनच्या पिशवीत अचानक थोडे ताजे रक्त येते, नाकातल्या नळीतून लालसर पाणी येते, एकदा रक्ताची उलटी होते किंवा शौच काळी होते. मग ते आपोआप थांबते. रक्तदाब ठीक, रुग्ण बोलतो आहे, हिमोग्लोबिनही फारसे उतरलेले नाही, आणि सगळ्यांना हायसे वाटते. याच क्षणी सर्वांत घातक चूक घडण्याची शक्यता असते. धमनीवरच्या फुग्याला बारीकसे भोक पडले, गुठळीने ते तात्पुरते बुजले, इतकाच त्या थांबण्याचा अर्थ असू शकतो. हिमोग्लोबिनवर भिस्त ठेवणे तर विशेष धोक्याचे आहे, कारण अंगातले रक्त एकदम गेले तरी उरलेल्या रक्तातले त्याचे प्रमाण लगेच बदलत नाही. शिरेतून द्रव गेल्यावर काही तासांनी आकडा खाली येतो. नाडी त्यापूर्वीच वाढू लागलेली असते.

म्हणून स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः पहिले काही दिवस उलटल्यावर आणि गळती असताना, ड्रेनमधून आलेले थोडेसेही ताजे रक्त ही तातडीची बाब मानावी. ड्रेनच्या तोंडाशी त्वचेतून आले असेल, नळी घासली असेल, असे तर्क नंतर करता येतात. आधी जाड सुया लावाव्यात, रक्ताची जुळवणी करायला पाठवावी, हेपरिनची पुढची मात्रा वरिष्ठांना विचारल्याशिवाय देऊ नये आणि रुग्ण स्थिर असताना तत्काळ सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारे सीटी स्कॅन, करावी. सीटीत धमनीच्या टप्प्याची चित्रे हवीतच, नाहीतर छोटा फुगा दिसत नाही. रक्त तोंडावाटे किंवा शौचावाटे आले तर पहिली धाव एंडोस्कोपीकडे घेतली जाते. पहिल्या एकदोन दिवसांत ते बरोबरही असते, कारण तेव्हा बहुधा जठराच्या जोडाची कड वाहत असते. परंतु दहाव्या दिवशी आतड्यात आलेले रक्त फुटलेल्या धमनीतून, सुटलेल्या जोडाच्या वाटेने आत उतरलेले असू शकते, आणि एंडोस्कोपीत फक्त रक्ताचा साठा दिसतो. अशा वेळी स्थिर रुग्णात सीटी आधी करावी, असे माझे मत आहे. सीटीत काही सापडले नाही तरी पाळत उठवू नये.

फुगा सापडला तर मांडीतल्या धमनीतून नळी नेऊन (अँजिओग्राफी करून) तो आतूनच बंद करता येतो. शक्य असेल तर यकृताच्या धमनीत आवरण असलेला स्टेंट बसवतात, म्हणजे भोक झाकले जाते आणि यकृताचा रक्तपुरवठाही टिकतो. ते जमले नाही तर धातूच्या बारीक कॉइल भरून वाहिनी बंद केली जाते, पण यकृताकडे जाणारी शीर खुली आहे ना, हे त्याआधी पाहावे लागते. एकेकाळी अशा रुग्णाचे पोट पुन्हा उघडण्यावाचून पर्याय नसे. सुजलेल्या, चिकटलेल्या पोटात ती जागा शोधता शोधता रुग्ण हातचा जाई. रुग्ण कोसळतच असेल आणि अँजिओग्राफीपर्यंत नेण्याएवढा वेळच नसेल तर आजही पोट उघडावे लागते. वेळ हातात आहे तो छोट्या रक्तस्रावानंतर, म्हणून तोच सर्वांत मोलाचा.

छोट्या रक्तस्रावाची ही सूचना मिळण्यापूर्वीच गळती आणि साचलेला संसर्गित द्रव शोधता आला तर आणखी चांगले. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या देशातल्या सर्व केंद्रांनी मिळून याची चाचणी घेतली आणि तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. ताप, नाडी, पांढऱ्या पेशी, सीआरपी (रक्तातली दाह दाखवणारी चाचणी) आणि ड्रेनमधला द्रव यांच्या रोजच्या नोंदींवरून सीटी कधी करायची, साचलेला द्रव त्वचेतून नळी घालून कधी काढायचा, प्रतिजैविके आणि ड्रेन कधी थांबवायचे, हे एका ठरलेल्या पद्धतीने सुचवले जात होते. रक्तस्रावासाठी हस्तक्षेप करावा लागणे, अवयव निकामी होणे किंवा ९० दिवसांत मृत्यू, यांपैकी काहीतरी घडलेल्या रुग्णांचे प्रमाण १४ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले, आणि मृत्यू ५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर. कोणतेही नवे औषध नाही, शस्त्रक्रियेचे नवे तंत्र नाही. रोज त्याच गोष्टी न चुकता पाहणे आणि बिघाड दिसताच दुसऱ्या दिवसाची वाट न पाहणे, यानेच इतका फरक पडला. मला हा अभ्यास या क्षेत्रातल्या अलीकडच्या कामांत सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो कोणत्याही वॉर्डाला आपल्या परीने उचलता येण्यासारखा आहे.

केंद्राच्या अनुभवाचा प्रश्नही इथेच येतो. २००२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रिया अगदी क्वचित करणाऱ्या रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण १६.३ टक्के होते, तर सर्वाधिक करणाऱ्या रुग्णालयांत ३.८ टक्के. हा फरक केवळ सर्जनच्या हाताचा नसावा. गुंतागुंत अनुभवी केंद्रातही होते, पण तिथे ती लवकर ओळखली जाते, रात्री दोन वाजता सीटी होते, अँजिओग्राफी करणारा डॉक्टर येतो आणि रक्तपेढी तयार असते. रुग्णालय निवडताना नातेवाइकांनी सर्जनचा अनुभव जरूर विचारावा, आणि त्याबरोबर असेही विचारावे की रात्री रक्तस्राव झाला तर धमनी आतून बंद करण्याची सोय इथे आहे का, नसेल तर रुग्णाला कुठे हलवणार. असे विचारण्यात कोणाचाही अपमान नाही.

रुग्ण घरी गेल्यावरही धोका काही आठवडे राहतो, विशेषतः ड्रेन लावूनच घरी पाठवले असेल तर. त्यामुळे घरी जाताना मिळणाऱ्या कागदावर 'काही त्रास झाल्यास या' एवढेच लिहिणे पुरेसे नाही. ड्रेनमध्ये ताजे रक्त, रक्ताची किंवा कॉफीच्या रंगाची उलटी, डांबरासारखी काळी शौच, अचानक चक्कर, थंड घाम, धडधड, पोटात एकाएकी उठलेली कळ, थंडी वाजून ताप, यांपैकी काहीही दिसले तर, ते थांबले असले तरी, त्याच दिवशी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयात पोहोचायचे, हे नातेवाइकांच्या भाषेत स्पष्ट लिहिलेले असावे. आम्लपित्त कमी करणारी गोळी किती दिवस घ्यायची, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घ्यायच्या नाहीत आणि रक्त पातळ करणारे औषध नेमके कोणत्या तारखेपासून पुन्हा सुरू करायचे, हेही त्याच कागदावर हवे. रात्री जवळच्या दुसऱ्या दवाखान्यात जावे लागले तर तिथल्या डॉक्टरांनी 'आता तर रक्त थांबले आहे' म्हणून रुग्णाला परत पाठवू नये, यासाठी कोणती शस्त्रक्रिया झाली, गळती होती की नाही आणि रक्त दिसल्यास प्रथम सीटी अँजिओग्राफी करावी, या तीन ओळी मी कागदाच्या सर्वांत वर लिहितो आणि खाली वॉर्डाचा चोवीस तास उचलला जाणारा फोन क्रमांक देतो.